विहिरीत सोडलेली गाणी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, सांगलीच्या हॉस्टेलवर, माझ्या शेजारच्या खोलीत पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकलेला एक मुलगा राहायला आला. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती, पण तारा छेडल्या की डास गुणगुणावा एवढाच आवाज यायचा. तिचा अँप्लिफायर प्रवासात जळाला होता. मी आठवीपासून जुने रेडिओ उघडून बसणारा माणूस. दोन रविवार खर्चून, भंगारातल्या रेडिओचे व्हॉल्व्ह घालून मी तो चालू केला. त्यानं पहिला झंकार काढला तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली. एवढ्याशा तारेत एवढा आवाज कुठून येतो, हे मला नीट बघायचं होतं. मला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, आजही येत नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या बँडमध्ये होतो.

बँडमध्ये आणखी दोघं होते. ड्रम वाजवणारा मिरजेचा, सतारी-तंबोरे करणाऱ्या घरातला. दुसरा कोयनेच्या धरणाच्या वसाहतीत वाढलेला, उंच, अबोल. गाणी तो लिहायचा, मराठीत. गिटारवाल्याचं मराठी कच्चं असल्यामुळे तो शब्दांचे अर्थ विचारून मगच गायचा, आणि त्यामुळे कधीकधी आम्हालाही ते अर्थ पहिल्यांदाच कळायचे.

कोयनेच्या मुलाला बेस गिटार वाजवायची होती, पण ती आणायची कुठून? मिरजेच्या मुलाचे वडील म्हणाले, चित्र दाखवा. आम्ही एका परदेशी रेकॉर्डच्या कव्हरवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ बघितला.

"ह्याला पोट कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही चाचा. हे भरीव असतं. आवाज तारेखालच्या लोहचुंबकातून येतो आणि वायरीनं स्पीकरला जातो."

"पोट न्हाई आणि बोलणार?" ते हसले. "बरं, करू."

महिन्याभरानं वाद्य तयार झालं. तंबोऱ्याच्या लाकडाचं, काळ्या पॉलिशचं. त्याचा आवाज इतका गोल आणि उबदार येई की मला त्याचा हिशेब लागेना. शेवटी एकदा चुंबकाची वायर सुटली म्हणून मी मागची पट्टी उघडली, तर आत हाताचा पंजा मावेल एवढी पोकळी कोरलेली. चाचांना विचारलं तर म्हणाले, "तुजं लोहचुंबक बंद पडलं तर? थोडं पोट असू दे म्हटलं."

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेज-स्पर्धेत आम्ही वाजवलं. तिथं मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले होते. ते म्हणाले, "स्टुडिओ देता येणार नाही, पण तुम्ही चांगली टेप करून आणलीत तर तबकडी काढू." मी हो म्हणून बसलो. कॉलेजच्या रिकाम्या हॉलमध्ये, सुट्टीच्या दिवसांत, आम्ही आठ गाणी टेप केली. ऐकली, तर गाणी बरी होती, पण आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंडल्यासारखा. परदेशी रेकॉर्डमध्ये आवाजामागे जो घुमारा असतो तो आमच्यात नव्हता. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी वेगळी खोली असते, असं मी वाचलं होतं. मी टेप न्हाणीघरात वाजवून बघितली, जिन्यात वाजवून बघितली, पाण्याच्या रिकाम्या टाकीत वाजवून बघितली. टाकीत गाणं पत्र्यासारखं वाजायचं.

मग मला मामांची विहीर आठवली. तासगावच्या अलीकडच्या एका गावात माझे मामा राहत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, द्राक्षाची बाग आणि थोडा ऊस करणारे. त्यांची विहीर जुनी, घडीव दगडाची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वरून नुसतं खाकरलं तरी खालून कुणीतरी उत्तर द्यावं तसं यायचं.

बेत असा होता. एका टेपरेकॉर्डरवर आमचं गाणं लावायचं, ते विहिरीत सोडलेल्या स्पीकरमधून वाजवायचं, चार हात वर मायक्रोफोन टांगायचा, आणि विहिरीतून परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचा. दुसरा टेपरेकॉर्डर पुण्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांचा, दोनच दिवसांसाठी मिळालेला. वीज मोटारीच्या जोडणीवरून.

मामांना हे सगळं सांगितलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजे गाणं हिरीत टाकायचं आणि बाहेर काढायचं?"

"हो."

"लय भारी काम हाय की रं! कवा येताय?"

आम्ही सकाळीच पोचलो. पण स्पीकरनं पहिला सूर काढताच विहिरीच्या कपारीतले पारवे फडफडत वर आले आणि टेपवर नुसते पंख. मामांनी बांबूला फडकं बांधून सगळे हुसकले. तोवर अर्धं गाव काठावर जमलं होतं. मामांनी परेडच्या आवाजात हुकूम सोडला, "आता कुणी शिंकलं तरी बागंच्या भायेर काढीन! गप!" आणि खरंच, माणसं श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागली. मी कानाला हेडफोन लावून खाली वाकलो होतो. हॉलमधलं तेच कोंडलेलं गाणं दगडाच्या भिंतींना घासत, पाण्यावर आपटत वर येत होतं. जणू तिघांऐवजी चाळीस जण वाजवतायत, आणि फार लांबून. मला वाटलं, हे गाणं मी आजवर ऐकलंच नव्हतं.

सात गाणी झाली. आठवं कोयनेच्या मुलाचं होतं, भूकंपाच्या धक्क्यावरचं. त्यात मधेच सगळी वाद्यं एकदम थांबतात. जमीन हलून गेल्यावर, पुन्हा हलते की काय म्हणून माणसं जशी थांबतात, तशी ती शांतता. ती शांतता आली, विहीरही गप्प झाली, आणि बरोब्बर त्याच क्षणी घराकडून मामींची हाक आली, "आवं, च्या निवतोय की!"

हाक विहिरीत पडली, तळाला जाऊन आली, आणि मग ड्रम सुरू झाले.

मामांनी कपाळावर हात मारला. गाणं संपलं, मी टेप मागं घेतली, आणि वीज गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. रेकॉर्डर दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचवायचा होता. गिटारवाला फार चिडला होता. "एवढं गंभीर गाणं, आणि त्यात चहा!"

हॉस्टेलवर आल्यावर आम्ही ते गाणं पुन्हा लावलं. कोयनेचा मुलगा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "राहू दे. असंच असतं. मोठा धक्का बसला होता तेव्हा मी लहान होतो. सगळं थांबल्यावर पहिला आवाज आईचा आला. म्हणाली, दूध उतू गेलं वाटतं. मला भूकंपाचं फारसं आठवत नाही, ते वाक्य आठवतं." हाक राहिली.

मुंबईला टेप घेऊन मीच गेलो. कंपनीच्या साहेबांनी पुरी ऐकली. "हा घुमारा कुठल्या स्टुडिओतला?" मी कागदावर विहीर काढून दाखवली, स्पीकर कुठं, मायक्रोफोन कुठं. ते आधी हसले, मग पुढं झुकून विचारू लागले, "खोल किती? पाणी किती होतं? पावसाळ्यात वेगळं येईल का?" हाकेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांना ती गाण्याचाच भाग वाटली असावी.

रेकॉर्ड आली. कव्हरच्या मागं वाद्यांच्या यादीत शेवटी 'विहीर' असं छापून घेतलं होतं. पुढं काय झालं म्हणाल, तर फारसं काही झालं नाही. पुण्याच्या एका पेपरात दोन ओळी आल्या: इंग्रजी ऐकणाऱ्यांना हे गावठी वाटेल आणि गावाला इंग्रजी. सांगलीच्या एका दुकानदारानं रेकॉर्ड काचेत लावली आणि काही महिन्यांनी काढली. मिरजेला चाचांनी सगळी गाणी सोडून फक्त एकच, ज्यात बेस एकटी वाजते ते, तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मान डोलावून म्हणाले, "बोलतंय."

गावात रेकॉर्डप्लेअर नव्हता. आम्ही शाळेच्या पटांगणात नेऊन लावला. सात गाणी लोकांनी पाहुण्याचं भाषण ऐकावं तशी सभ्यपणे ऐकली. आठवं लागलं, शांतता आली, आणि हाक आली. पटांगणात एकच हलकल्लोळ! "पुन्ना लावा! पुन्ना!" मामी तोंडाला पदर लावून घराकडे पळाल्या. पुढं लग्नसराईत तासगावचा लाउडस्पीकरवाला ते गाणं मागितल्यावर लावायचा, असं मामांनी अभिमानानं सांगितलं.

पटांगणातल्या त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मामी माझ्याजवळ आल्या. "ते एकदा लाव की रं. माझ्यापुरतं."

मी लावलं. त्यांनी खाली बघत ऐकलं. "म्या अशी बोलती व्हय?" त्यांनी विचारलं. "आमाला तर आतनंच ऐकू येतं. भायेरनं ही कोण वेगळीच बाई हाय." आणखी एकदा लावायला लावलं. मग म्हणाल्या, "ह्यात दुसरं काय बोललं तर ते बी ऱ्हातं का?"

त्यांचा थोरला मुलगा तेव्हा फौजेत सरहद्दीवर होता. त्याच्या तुकडीच्या कँटीनमध्ये टेपरेकॉर्डर होता, हे त्यानं पत्रात लिहिलं होतं. पत्रं मामाच लिहायचे, मामींना लिहिता येत नव्हतं. मी हॉस्टेलवरचा टेपरेकॉर्डर पुढच्या रविवारी नेला आणि मायक्रोफोन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याच्या जाळीला बोट लावून बघितलं. मग बांधावरून हाक मारावी तशा मोठ्यानं सुरू झाल्या. गाय व्याली, द्राक्षाला भुरी आलीती पण औषधानं गेली, तुझ्या बापाचा गुडघा दुखतो पण कबूल करत न्हाई, तू पत्रात जेवणाचं खोटं लिहितोस ते मला कळतं. अर्धा तास. टेप संपली तरी त्या बोलत होत्या. मला सांगायचं धाडस झालं नाही.

बँड त्याच वर्षी विखुरला. गिटारवाला परदेशी गेला, मिरजेचा वडिलांच्या दुकानात बसला, कोयनेचा पुण्यात नोकरीला लागला. आमच्यात भांडण काही झालं नव्हतं, शेवटच्या वर्षाच्या परीक्षा संपल्या एवढंच.

फौजेतून मामांच्या नावानं पत्र आलं ते मामींना मीच वाचून दाखवलं. टेप पोचली होती. मराठी न कळणाऱ्या जवानांनीसुद्धा बसून ऐकली होती. एका गढवाली दोस्तानं तर ती पुन्हा लावायला सांगितली. आणि पत्राच्या तळाशी मामेभावानं लिहिलं होतं, "आईला सांगा, पुढच्या वेळी हळू बोललीस तरी ऐकू येतंय."

मामी म्हणाल्या, "एवढ्या लांबून?"