वाकळेखालची गिटार

मागाखाली सुताचा कचरा साठतो तसे घरात किस्से साठतात. रोज झाडावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच! आमच्या वडगावच्या घरात सगळ्यात जास्त किस्से साठले ते धाकट्या दिरांच्या, बबन भाऊजींच्या, एका कॅसेटपायी.

ऐंशीनंतरची वर्षं. गावोगावी ऑर्केस्ट्रा निघाले होते आणि भाऊजी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. निपाणीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी कळवलं, गिटारची कॅसेट करून पाठवा, आवडली तर दिवाळीनंतर घेतो. नेमका त्याच महिन्यात मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हार्टअ‍ॅटॅक आला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, घरात अजिबात आवाज नको. रात्रंदिवस धडधडणारे आमचे दोन्ही पॉवरलूम बंद झाले.

जेवताना भाऊजी मान वर न करता म्हणाले, "वैनी, कॅसेट न्हाय झाली तर गिटार इकतो आणि दुसऱ्याच्या मागावर जातो."

*

आवाज बारीक ठेवून वाजवा की, असं मी सुचवलं. भाऊजींनी वाजवून दाखवलं. कानाशी डास गुणगुणावा तसं काहीतरी आलं.

गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांचा मित्र दत्ता, रेडिओ दुरुस्त करणारा, यानंच बनवला होता. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. दत्ता म्हणाला, "वैनी, ही काचेच्या व्हॉल्व्हची पेटी हाय. आवाज चढवल्याबिगर हिचा गळा मोकळा हुत न्हाय."

म्हणजे पेटी जोरात वाजली पाहिजे आणि मामंजींना ऐकूही जाता कामा नये! मग दत्तानं युक्ती काढली. पेटी मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली, तिच्यासमोर माइक टांगला आणि वर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा कोंबल्या.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पावणं आलं तर काय कॅसेट पांघरायला देतासा?"

*

पहिल्या दिवशी गाणं निम्म्यावर आलं आणि शेजारच्या गंगाक्का दारात. घरात कानडी बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठीत. थोडा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "म्हस कधी घेतलासा गं? आणि कपाटात का कोंडलासा?"

ते वाक्य कॅसेटमध्ये स्पष्ट आलं. गिटारपेक्षा स्पष्ट.

*

तेवढं पुसलं, तर मागे गल्लीतल्या मागांचा खडखडाट होताच. आमचे माग बंद, पण गल्ली थोडीच बंद होती! मग दत्ताला आठवलं, मंगळवारी अख्ख्या गल्लीतले माग बंद असतात.

मंगळवारी जय्यत तयारी केली. गंगाक्कांना येऊ नका म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी भांड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. गल्ली इतकी शांत की पत्र्यावरून कावळा चालला तरी ऐकू यावं. भाऊजींनी बटण दाबलं.

काहीच नाही.

दत्तानं पेटी खोलली. फ्यूज बघितला, व्हॉल्व्ह काढून पुसले, पुन्हा बसवले. घामाघूम झाला. बऱ्याच वेळानं आत्याबाई म्हणाल्या, "मंगळवारी माग का बंद असत्यात, इचारलासा का कुणी?"

मंगळवारी आमच्या भागात दिवसभर लाइटच नसायची! आयुष्यभर मंगळवारी सुट्टी घेतलेल्या विणकराच्या घरात हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

*

बुधवारी दत्तानं गल्लीचा आवाज आत येऊ नये म्हणून आणखी वाकळा चढवल्या. गाणं सुरेख चाललं होतं, तोच धूर! व्हॉल्व्ह तापून आत्याबाईंच्या आईच्या लुगड्याची वाकळ जळत होती. मी पळत जाऊन ती मोरीत टाकली. दत्ता पेटी चाचपून आनंदानं म्हणाला, "व्हॉल्व्ह वाचले!"

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

*

कॅसेट पसंत पडली आणि भाऊजींनी पुढे कितीतरी वर्षं गावोगावी गिटार वाजवली, हे आधीच सांगून टाकते. कारण मला खरं सांगायचंय ते निराळंच.

निपाणीला कॅसेट पोचवायचा तो शेवटचा दिवस. आगीच्या भीतीनं वाकळ आता घालता येत नव्हती, कपाट उघडंच ठेवणं आणि गल्लीचा खडखडाट दबेल इतकी पेटी चढवणं भाग होतं. भाऊजी वडलांच्या खोलीकडे बघत, गिटार खाली ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे वैनी. आप्पापेक्षा गिटार मोठी न्हाय."

मीच म्हटलं, एकदाच वाजवा. मी मामंजींच्या उशाशी बसते. ते नुसते दचकले तरी हाक मारते.

दवाखान्यातून आल्यापासून मामंजींना झोप नव्हती. गोळ्या घेऊनही डोळे आढ्याला लावून पडून असायचे. सगळं घर चवड्यांवर चालायचं, तरी त्यांचा डोळा लागत नव्हता. मी जाऊन बसले तेव्हाही ते तसेच पडले होते.

आणि पेटी सुरू झाली. फळीवरची ताटं थरथरायला लागली, भिंतीतून मागासारखी धडधड माझ्या पाठीत येत होती. मी मामंजींकडे बघितलं. डोळे मिटलेले.

हाक मारायच्या आधी मी वाकले. नाकाशी बोटं धरली. श्वास चालू होता. मग छाती संथ वरखाली होताना दिसली, आणि थोड्या वेळानं ते चक्क घोरायला लागले.

गाणं संपलं. घर पुन्हा चिडीचूप झालं.

मामंजींनी खाडकन डोळे उघडले आणि मागच्या खोलीकडे मान वळवून ओरडले, "बबन्या, बंद का केलास रं? आत्ता कुटं डोळा लागलाता!"