रेवड्यांचा पाक ओढताना

माझ्या भावाचा वाढदिवस वर्षातून दोनदा होतो. शाळेत घालताना गुरुजींनी त्याची जन्मतारीख जूनची पहिली लिहिली, निम्म्या गावाची लिहिली तशीच. त्या तारखेला त्याचे चाहते चौकात फ्लेक्स लावतात आणि केकवर त्याच्या मिशा काढतात. खरा वाढदिवस मात्र खर्ड्याकडच्या आमच्या माहेरच्या गावच्या जत्रेचा. आईला घरी कळा सुटल्या होत्या आणि वडील आखाड्यात पंच म्हणून उभे होते. त्यांना बोलवायला मीच पळत गेले होते, तेव्हा मी आठ वर्षांची होते.

भाऊ पैलवान होता, आता नट आहे. मालिकेत खलनायक होतो आणि आमच्या गल्लीतल्या बाया त्याला जेवताना शिव्या घालतात. ते ऐकून मला लई बरं वाटतं. जत्रेला जाताना तो आधी माझ्या घरी, घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर थांबतो आणि मी त्याच्यासाठी रेवड्या करते. आमच्याकडं जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत पंच मूठभर रेवड्या टाकतो. भावानं पहिली कुस्ती मारली तेव्हा त्या टोपीत बांधून माझ्यासाठी आणल्या होत्या. तेल लागून टोपी वाया गेली म्हणून आईनं त्याला बदडलाही होता.

आता माझं सांगते. बारा वर्षांपूर्वी माझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला जायचं, आल्यावर दिवसभर पडून राहायचं. ह्यांचा रक्तगट जुळेना, आईला शुगर. भाऊ तेव्हा चोविशीत होता, मोठ्या मैदानाची तयारी करत होता, वडिलांचा सगळा जीव त्याच्या कुस्तीत. त्यानं कोणाला विचारलं नाही. तपासण्या करून आला आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ह्यापुढं कुस्ती बंद. पुढं खर्ड्याच्या किल्ल्यावर एका पिक्चरचं शूटिंग आलं, त्यांना धिप्पाड माणसं हवी होती. हा भाला धरून उभा राहिला तो त्याच लायनीत गेला.

मी जगले. मुलीचं लग्न बघितलं, नातू मांडीवर घेतला. पण माहेरच्या गावात माझ्या कानावर एक वाक्य यायचंच, बहिणीपायी पोरगं मैदानातनं गेलं. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? मलाही तसंच वाटत होतं. भावाला विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही. उलट रागवायचे त्याच्यावर, जेवला नाहीस, फोन केला नाहीस, असल्याच गोष्टींवरून.

यंदा तो आला तेव्हा मी पाक चुलीवर ठेवला होता. रेवड्यांचं असं आहे, गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला की टणक झाला पाहिजे. मग तो तेल लावलेल्या परातीत ओतायचा आणि हाताला सोसेल इतका निवला की दोघांनी दोन टोकं धरून ओढायचा. ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा, फिकट होईपर्यंत. मग कापून भाजलेल्या तिळात घोळवायचा. मध्ये हात सोडला की सगळं दगड होतं. दर वर्षी दुसरं टोक हे धरतात, यंदा भाऊ बसला.

तो सोडून जाऊ शकत नव्हता. तेवढ्यात मी विचारून टाकलं, "माझ्यामुळं तुझी कुस्ती गेली. तुला कधी वाटलं न्हाई का रं, दिली नसती तर बरं झालं असतं?"

तो पाक ओढत राहिला. मग खाली बघूनच बोलायला लागला. ऑपरेशनच्या आदल्या साली एका कुस्तीत समोरच्यानं त्याची मान दाबून धरली होती. श्वास अडकला, डोळ्यांपुढं अंधार आला. त्यानंतर प्रत्येक कुस्तीआधी त्याला उलटी व्हायची. भीती बसली होती. वस्ताद बापाला हे सांगायचं कसं? डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली तेव्हा तो बाहेर नळावर तोंड धुवायला गेला आणि एकटाच हसला.

"तू आजारी पडलीस म्हणून मी सुटलो, आक्का. लोक मला देव म्हणत्यात आन् मी पळपुटा हाय. बारा वर्षं तुला तोंड दाखवायची लाज वाटती."

माझ्या हातातलं टोक सुटलं. पाक परातीत पडला आणि बघता बघता कडक झाला.

"मुडद्या," मी म्हणाले, "किडनी तर खरी दिलीस न्हवं?"

मग मी रडले. पदरानं तोंड झाकून, आवाज करून. तो उठला, बत्ता आणला आणि तो गुळाचा दगड फोडायला लागला. रेवड्या काही झाल्या नाहीत. तुकड्यांना तीळ चिकटेनात. त्यानं तसेच खाल्ले, मलाही एक भरवला. बारा वर्षं ज्या तोंडानं मी त्याचे आभार मानू शकले नाही, त्याच तोंडानं त्या दिवशी मानले, आणि तो लाजून दुसरीकडं बघायला लागला.

तो जत्रेला निघून गेल्यावर हे म्हणाले, तुला बरं वाटावं म्हणून बोलला असेल, शेवटी नट आहे तो. मी ह्यांना सांगितलं, त्याचा एकूण एक भाग मी बघितलाय. पडद्यावर तो रडायला लागला की मला हसू येतं. इतकं चांगलं काम त्याला येत नाही.