वासराचा सड

कारापूरची कमलाक्षी दूध काढायची तेव्हा गाईचा एक सड तसाच सोडायची. तो वासराचा. सासूच्या गावठी गाईंपासून हे चालत आलेलं. पुढे खाणी बंद पडल्या, नवऱ्याचा खनिज वाहणारा ट्रक विकला गेला आणि घाटावरून भरपूर दुधाची गाय आली, तरी एक सड वासराचाच राहिला.

यंदा गावातल्या दूध केंद्रावरून कॅन अर्धे रिकामे जाऊ लागले. सोसायटीचा सचिव गोकुळदास एका सकाळी नजर चुकवत म्हणाला, "वहिनी, एवढ्याशा दुधाक गाडी येवची नाय म्हणतत डेअरीवाले. जरा वाढवून बघा."

त्या संध्याकाळी कमलाक्षीने चौथा सडही पिळला. पाडी दावं ओढत राहिली. तिच्यापुढे पेजेचं भांडं ठेवलं, तर तिने तोंड फिरवलं. कमलाक्षी मागे न बघता केंद्राकडे निघाली.

आठवडाभर गाडी आली. मग शेजारच्या क्षमाच्या दारात टेम्पो लागला.

"इकलंस गो गाय?"

"इकू नको तर काय करू? गोठ्यात लादी घालतंय. कारखान्यातले भाडेकरू येतले. लाथ तरी मारूचे नाय."

"भाडा मागूक गेलंस की बघ."

दोघी हसल्या. क्षमाचं चुकलं, असं कमलाक्षीला म्हणता येईना. पेंड परवडत नव्हती, गवत कापायला माणूस मिळत नव्हता. गाय टेम्पोत चढेना, तेव्हा कमलाक्षीनेच तिला मागून हात लावला.

क्षमाचंही दूध गेलं आणि केंद्र बंद झालं. गोकुळदासने कॅन धुऊन उपडे घातले.

क्षमाच्या नव्या खोलीत कोल्हापूरकडची हौसा राहायला आली, तोवर कमलाक्षीच्या घरातली सगळी भांडी दह्याने भरली होती. ती दुधाचा तांब्या घेऊन हौसाच्या दारात गेली.

"मावशी, अर्धा लिटर घेते की रोज," हौसा म्हणाली. "जास्तीचं ठेवू कुठं? आमी दोघंच, त्यात फ्रिज न्हाई. कारखान्यातली बाकीची समदी येताना दुधाची पिशवीच आणत्यात."

"अर्धा तर अर्धा," कमलाक्षी म्हणाली.

तिन्हीसांजेला गाय हंबरू लागली. तिची कास तटतटली होती. न पिळून भागणार नव्हतं. कमलाक्षी खाली बसली. धारा पडत राहिल्या, बादली भरली. ती बाजूला सरकवून, चौथा सड न पिळताच, कमलाक्षीने पाडीचं दावं सोडलं.