जुळणीचे काका

नवा भाग घेऊन कुणी दुकानात आलं की काका आधी खोक्यावर तळहात ठेवायचे. "सबर करा. सील फोडू नका. आधी नंबर वाचू, मग बघू बसतंय का." गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तो हात हलायचा नाही. सील फुटलं की माल परत घेत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

परभणीत स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला लागले, तेव्हा काका तिथले सगळ्यांत जुने कारागीर. पूर्णेहून रोज गाडीनं यायचे. गेम खेळायचे मोठे कॉम्प्युटर जुळवणं हे त्यांचं खास काम. तुम्हीही ते पाहिले असतील, एका बाजूला काच आणि आत रंगीत दिवे. काकांना त्या दिव्यांचं काही कौतुक नव्हतं. प्रोसेसर बोर्डाच्या सॉकेटात बसतो का, रॅम त्याच बोर्डाची आहे का, ग्राफिक्स कार्ड पेटीत मावतं का आणि या सगळ्यांना पॉवर सप्लाय पुरेल का, एवढंच ते बघायचे. गळ्यात शिंप्यासारखी मापाची फीत असायची.

एकदा येलदरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. पुण्याच्या नातीबरोबर त्यांना विमान उडवायचा गेम खेळायचा होता. काका म्हणाले, पॉवर सप्लाय मोठा घ्यावा लागेल. गृहस्थ चिडलेच. "जन्मभर वीज तयार केली मी. मला शिकवता?"

"तुमची वीज चांगलीच हाय साहेब," काका शांतपणे म्हणाले, "पण ह्या कार्डाला भूक लय हाय. खेळता खेळता पेटी बंद पडली, तर नात हसंल तुमाला."

गृहस्थांनी मोठा सप्लाय घेतला. पुढं फक्त गप्पा मारायलाही यायचे.

मला हे काम काकांनीच शिकवलं. खोकं माझ्यापुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "वाच बरं, माय." मी बारीक अक्षरांतला नंबर वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि कशाशी काय जुळतं ते सांगायचे. मला वाटायचं, किती मन लावून शिकवतात! वर्षभर मी त्याच समजुतीत होते. त्यांना साखरेचा आजार होता आणि दिसणं कमी होत चाललं होतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते कळलं एका नर्सच्या कॉम्प्युटरवेळी. ही मुलगी गेमच्या स्पर्धांत उतरायची. ड्युटी संपवून, आपला कॉम्प्युटर जुळताना बघायला ती मुद्दाम आली होती. सगळे भाग एकमेकांना जुळत होते. काकांनी प्रोसेसर उचलला आणि सॉकेटवर टेकवला. तो तिरका टेकला. बोर्डावरच्या केसासारख्या पिना वाकल्या. काकांनी बोट फिरवून पाहिलं आणि हात मागं घेतला.

"माझ्याकडून मोडलं, बाई," ते म्हणाले.

"होतं असं, काका."

"माझ्याकडून होत न्हाई. आज झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचा बोर्ड काढून आणला. सॉकेट तेच होतं. तिच्या पेटीत तो मला बसवायला लावला आणि आपण शेजारी हात बांधून उभे राहिले. कॉम्प्युटर चालू झाल्याचा बारीक आवाज आला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी प्रोसेसरला हात लावला नाही. पुढं गाडीत चढणंही जमेना, तेव्हा येणं थांबलं.

मालकांना सांगून मी त्यांना रोज सकाळी दहाला फोन करू लागले. त्या दिवशी जुळवायच्या भागांची यादी वाचायची आणि त्यांनी होय-नाही सांगायचं. सुरुवातीला मला खरंच गरज होती. दोन वेळा त्यांनी माझ्या चुका धरल्या. "कार्ड लांब हाय. त्या पेटीत न्हाई मावायचं. फीत लाव," म्हणायचे, आणि तसंच निघायचं.

मग नव्या पिढीचे बोर्ड आले. एका सकाळी मी तसल्याच एका बोर्डाचा नंबर वाचला. काकांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"जुनी रॅम हाय ना शिल्लक? तीच लाव. चालंल."

ती चालणार नव्हती. नव्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जुनी त्यात शिरतच नाही. हा बोर्ड काकांनी कधी हातात घेतला नव्हता. मी हातातल्या जुन्या रॅमकडं बघत राहिले.

"काय झालं, माय? बसत न्हाई का?"

"बसते, काका," मी म्हणाले.

फोन ठेवला, जुनी रॅम फडताळात परत ठेवली आणि नवी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांत आधी तेच विचारलं. चाललं म्हणून सांगितलं. त्यानंतर अशा किती तरी याद्यांना त्यांनी होय म्हटलं, आणि मी त्या मागाहून गुपचूप बदलल्या. ज्यांनी मला एकेक नंबर दोनदा वाचायला शिकवलं, त्यांच्याशीच मी रोज खोटं बोलत होते.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. मी पूर्णेला भेटायला गेले, तेव्हा रॅमची गोष्ट काकूंना सांगून टाकायची असं ठरवून गेले होते. काकूंनी पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुझ्या फोनसाठी सकाळी नऊलाच अंघोळ उरकायचे. इस्त्रीचा सदरा मागायचे. म्या म्हणायची, फोनवर कोण बघायलंय तुमाला? तर म्हणायचे, कामावर असंच बसत असतेत व्हय?"

मी पाणी प्यायले आणि रॅमची गोष्ट तशीच परत घेऊन आले.