शांताचा केसपेपर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही तो आहे असं म्हणवत नाही. मुखेडच्या एका हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल होतो. असल्या गोष्टींच्या पुस्तकांवर नंबर टाकून ती कपाटात लावायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली... कारण यात भीतीपेक्षा माझा हलकेपणा जास्त आहे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाटी होती — 'येताना तांब्याभर पाणी आणावे.' प्रत्येक पेशंटला तपासण्याआधी डॉक्टर हात धुणार म्हणजे धुणारच, आणि हौद तर कोरडा पडलेला. म्हणून ज्यानं त्यानं आपलं पाणी न्यायचं. माझी बायको शांता तांब्या काठोकाठ भरून न्यायची. चार पावलं चाललं तरी तिला धाप लागायची, पण तांब्या मला धरू द्यायची नाही.

डॉक्टरांची पद्धत वेगळी होती. पेशंट बोलायचा थांबेपर्यंत ते नाडीला हात लावत नसत. आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेत. मी बाहेर बाकावर बसायचो. आतून शांताचा आवाज यायचा — सलग, मोकळा. घरी ती 'हो', 'नाही', 'वाढू का' एवढंच बोलायची. बारा वर्षांच्या संसारात मी तिचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं.

एकदा विचारलं, "एवढं काय सांगत असतेस त्यांना?"

"ते ऐकून घेतात," ती म्हणाली. "तुम्ही तर सदा वाचूनच राहता."

तेव्हापासून तो माणूस मला आवडेनासा झाला. त्याचं औषध लागू पडत होतं, धाप कमी होत होती... खरं सांगतो, तेही मला आवडेनासं झालं.

जिल्हा झाल्यावर लातूरला नव्या कचेऱ्या आल्या, वस्ती वाढली, आणि डॉक्टरांनीही दवाखाना तिकडे हलवला. जाताना मला म्हणाले, "सर, यांना दर पंधरा दिवसांनी घेऊन येत चला. हयगय करू नका." मी हो म्हटलं. शांतानं दोनदा विचारलं, "लातूरला कधी जायचं?" मी म्हटलं, साडेतीन तास एसटीत बसणं तुला झेपायचं नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. मी तिला बसस्टँडजवळच्या नव्या डॉक्टरकडे नेलं. तो नाव विचारायच्या आत सुई भरायचा. तिथं शांताला दोन शब्द बोलायलाही सवड मिळायची नाही, आणि मला हायसं वाटायचं.

चैत्रात, भर दुपारी, स्वयंपाकघरात बसल्या जागी ती गेली.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी लातूरला गेलो. ती गेल्याचं डॉक्टरांना सांगायचं होतं. हे सांगणारा मीच, या गोष्टीचाही मला एक प्रकारचा तोरा होता.

दारातच त्यांचा जुना कंपाउंडर बसप्पा भेटला. "या सर. आज बाई न्हाई आल्या?"

मी चपला काढता काढता थांबलो. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. "परवा सोमवारी येऊन गेल्या की. हात धुवायला पाणी घेऊन येणाऱ्या तेवढ्या एकट्याच. हे लातूरचे लोक तर उलट आमच्याच माठातलं पिऊन जातेत."

"बसप्पा, तुमची गफलत होतीय."

"गफलत कशाची? केसपेपर म्याच काढून दिला. म्या म्हणलं, सरांना पुस्तकातून सवड न्हाई, म्हणून एकट्या आल्या."

आत जाऊन मी डॉक्टरांना सांगितलं. कधी गेली तेही सांगितलं. मग उठून त्यांनी स्वतःच केसपेपर काढला. त्यावर तारखेचे तीन नवे शिक्के होते. तिन्ही सोमवार. तिन्ही ती गेल्यानंतरचे. खाली त्यांच्या अक्षरात मजकूर. नाडीची जागा मात्र तिन्ही वेळा कोरी.

"नाडी का नाही लिहिली?"

"बोलणं संपलं की त्या उठून जायच्या," ते म्हणाले. "हात पुढं करायच्याच नाहीत."

पहिली ओळ मी वाचली — 'छातीवर ओलं पोतं टाकल्यावानी वाटून राहिलंय.' हे तिचेच शब्द. शेवटच्या आठवड्यात ती हे मला म्हणाली होती, आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं होतं, पाणी पी. बसस्टँडच्या डॉक्टरकडे तिला हे सांगता आलं नव्हतं.

पुढची ओळ वाचणार, तोच डॉक्टरांनी त्यावर तळहात ठेवला. "सर, हे त्यांनी मला सांगितलंय."

"मी नवरा आहे तिचा."

"हो," ते म्हणाले. हात काढला नाही.

मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "माझ्याबद्दल काही... म्हणाली का? राग वगैरे?"

त्यांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. खोटं बोलून माणसाचं समाधान करणारे ते नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "तुमचा विषयच नाही यात."

त्यानंतर ती तिथं आली नाही, असं बसप्पानं पत्रानं कळवलं. मी सगळे तर्क करून पाहिले. तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी? मग ते शब्द? शिक्का चुकला म्हणावं, तर जिवंतपणी ती लातूरला कधी गेलीच नव्हती. डॉक्टरही शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मला कळत नाही, सर." मलाही आजतागायत कळलेलं नाही.

अनुभवांच्या या सदरात बरेच जण लिहितात की गेलेलं माणूस दिसलं आणि भीतीनं गाळण उडाली. मला तुमचा हेवा वाटतो. ती तीनदा लातूरपर्यंत जाऊन आली. मी वाचत बसतो त्या खोलीचं दार स्वयंपाकघरातच उघडतं. ते मी अजून लावत नाही.