माझ्या नावाची कंपनी

दोड्डप्पा पॅन कार्डाची झेरॉक्स द्यायचे, ती कुणाच्या उपयोगाला येऊ नये अशाच बेताने. तिच्यावर आडव्या रेघा, रेघांवर ‘फक्त खाते उघडण्यासाठी’, खाली तारीख आणि लांबलचक सही. बँकेतला कारकून कागद उजेडाकडे धरून म्हणे, “अप्पा, नंबरच दिसंना की.” की दोड्डप्पा खूश!

दोड्डप्पा म्हणजे माझे थोरले काका. उदगीरकडे आमच्या घरांतून कानडी अशी मराठीत मिसळलेली असते. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ बसू, म्हणजे माझे वडील, मिळून कापडाचं दुकान चालवायचे. गेल्या वर्षी दोड्डप्पा वारले. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या पाहुण्याला विचारायचे, “पॅन कार्ड कुठं हाय तुमचं? खिशात? लई चुकलं!” पाहुण्याचा घास हातातच राहायचा. “लोक सोनं कुलपात ठेवतेत आन् नाव रस्त्यावर टाकतेत,” हे वर.

एकदा सगळ्या भाऊबंदांना शहाणं करावं म्हणून त्यांनी नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘असले कार्ड कुणालाही दाखवू नका.’ सोबत नमुना म्हणून स्वतःच्या कार्डाचा स्वच्छ फोटो. मी धावत फोन केला. “काढलं की!” ते म्हणाले. काढलं होतं, पण फक्त त्यांच्या फोनमधून. तोवर तो उपदेश कौतुकाने गावोगाव पोचला होता.

पुढे आयकराची नोटीस आली. कुठल्याशा लांबच्या शहरात दोड्डप्पांची लोखंडी सळयांची कंपनी निघाली होती आणि उलाढाल जोरात होती. गावाने नोटिशीवर लगेच विश्वास ठेवला, दोड्डप्पांवर नाही. मठाचे लोक सभामंडपाची वर्गणी मागायला आले. “अरे, माझ्या नावाची कंपनी हाय, माझी न्हाई!” ते कळवळून सांगत. “विनय बघा,” म्हणून लोक हात जोडत.

पण खरा घाव वडिलांनी घातला. “अण्णा, सख्ख्या भावाला चोरून धंदा काढलास?” म्हणाले, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूड ठोकून घेतलं. पलीकडून दोड्डप्पांच्या मीटरपट्टीचा आवाज तेवढा यायचा.

मी त्यांना लातूरला सायबर पोलिसांकडे नेलं. “फोटो कुणी टाकला?” साहेबांनी विचारलं. “म्याच,” दोड्डप्पा खाली मान घालून म्हणाले. तक्रार झाली, नोटिशीला उत्तर गेलं आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर कंपनी त्यांची नाही हे आयकरवाल्यांनी मान्य केलं. वडील म्हणाले, “सुटला म्हणजे वर ओळख असंल.”

मग वडील स्वतः बँकेत कर्ज मागायला गेले, तर त्यांच्या नावावर आधीच कुणी तरी हप्त्याने महागडे फोन उचललेले. सिमकार्डवाल्याला रेघा न मारता दिलेली पॅन कार्डाची झेरॉक्स फिरली होती. त्या दिवशी ते प्लायवूडला वळसा घालून पलीकडे गेले आणि गादीच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं, आता दोड्डप्पा सगळं उट्टं काढणार.

“जेवलास का, बसू?” त्यांनी विचारलं. मग चप्पल शोधत म्हणाले, “चल लातूरला. वाट मला ठाव हाय.”

लातूरच्या साहेबांनी वडिलांना विचारलं, “सोबत कोण?”

“माझा थोरला भाऊ,” वडील म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “त्याची कंपनी-बिंपनी काही न्हाई, साहेब. खोटं हाय ते सगळं.”

साहेबांनी कंपनीचं विचारलंच नव्हतं.