माझ्या बिस्किटांना जमलेली माणसं

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास मी वारलो. निदान माझ्या सासुरवाडीत, केदारखेड्यात तरी सगळ्यांना तसं कळलं होतं. मी त्या वेळी जालन्यात, आमच्या घराच्या न्हाणीघरात, डोक्याला साबण लावून बसलो होतो. त्यामुळं मला ही बातमी जरा उशिरा समजली.

सुरुवात झाली एका बिडाच्या तव्यापासून. तो माझ्या मुलीनं, वैशालीनं, पुण्याहून पाठवला होता. ती त्याला ‘स्किलेट’ म्हणते. खोलगट, काळाकुट्ट, लांब दांड्याचा आणि असा जड, की कुरिअरवाल्यानं खोकं उंबऱ्यावर टेकवून माझ्याकडं दयेनं बघितलं.

माझी बायको शोभा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून वैशालीचा एकच लकडा होता, पुण्याला या. मी तिला सांगायचो, की इथं माझं बराबर चाललंय, घरात दिवसभर माणसांची ये-जा असते. (ये-जा होती ती दूधवाल्याची. तोही पिशवी फाटकाला अडकवून जायचा. मी दार उघडेपर्यंत तो पुढच्या गल्लीत.) तिनं एकदा फोनवर माझ्या ताटात सलग तिसऱ्या दिवशी खिचडी बघितली आणि गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मला सोसवेना. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी बघ, तुझ्या तव्यात बिस्किटं करून दाखवतो.”

एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी बाकी काही केलं नव्हतं, पण बिस्किटंही केली नव्हती.

मोबाईलवरच्या बाईंनी कृती सांगितली ती अगदी सोपी होती. मैदा, तूप, पिठीसाखर, चिमूटभर खायचा सोडा. ओव्हन नको, काही नको. बाई हसत हसत सांगत होत्या, त्यामुळं माझाही विश्वास बसला. अडचण एवढीच, की आमच्या डब्यांवर नावं नव्हती. शोभा डबा कानाशी हलवून ओळखायची, आत काय आहे ते. मीही हलवून बघितलं. मला सगळे डबे सारखेच ऐकू आले. मग एकेका डब्यात बोट बुडवून चाखत गेलो. चौथ्या डब्यात रांगोळी निघाली.

सोडा सापडला. पीठ मळलं. एकट्यापुरतं मळायचं होतं, पण हाताला अंदाज कुठला? सव्वीस बिस्किटं झाली. त्यातली तेरा तव्यात दाटीवाटीनं बसवली. झाकण नव्हतं म्हणून वर परात पालथी घातली, परात हलू नये म्हणून तिच्यावर खलबत्ता ठेवला, आणि गॅस बारीक केला. म्हणजे मी ज्या बाजूला फिरवला ती बाजू बारीक आहे असं मला वाटलं. पंचवीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात आंघोळ उरकावी म्हणून पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि न्हाणीघरात गेलो.

पुढचं सगळं मला नंतर कळलं.

शेजारच्या कुसुमताईंना आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर दिसला. त्यांनी हाका मारल्या, दार वाजवलं. माझा डावा कान कामातून गेलाय आणि उजव्या कानापाशी नळ सोडलेला होता. त्यांनी मला फोन लावला. तो ओट्यावर, तव्याशेजारी वाजत बसला. मग त्यांनी वैशालीला फोन लावून सांगितलं, की पप्पांनी आतून कडी लावलीय, घरातून धूर येऊन राह्यला, आवाज द्यायलोत तर बोलत न्हाईत.

वैशालीनं पुण्याहून केदारखेड्याला तिच्या मामाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, रंगनाथला फोन केला. रंगनाथ रानात गेल्ता. फोन उचलला त्याच्या बायकोनं, मंदाबाईनं. तिला तुटक तुटक ऐकू आलं, ‘पप्पा’ आणि ‘बोलत न्हाईत’. घरातून रानात निरोप जाईपर्यंत ‘दाजी बोलत न्हाईत’चं ‘दाजी गेले’ झालं. त्यांनी जल्दी जीप काढली.

इकडं मी पंचा गुंडाळून, एका डोळ्यात साबण गेलेला, असा न्हाणीघरातून बाहेर आलो, तर स्वयंपाकघरात नऊ माणसं! कडी तोडून आत आली होती. त्यातले तिघे तर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. एकानं गॅस बंद केला होता, दुसरा माझ्याच टॉवेलनं धूर हाकत होता. कुसुमताईंनी माझ्याकडं बघितलं आणि मटकन खालीच बसल्या.

मी म्हटलं, “बसा, चहा टाकतो.”

बिस्किटं खालून कोळसा आणि वरून कच्ची झाली होती. कुसुमताईंनी वैशालीला मी धडधाकट असल्याचं कळवलं, पण तिच्या मामाचा फोन घरीच राहिला होता. चहाची दुसरी फेरी चालू असतानाच फाटकाशी जीप थांबली. मंदाबाईनं जीपमधूनच रडायला सुरुवात केली होती. दारातली चपलांची रास बघून तिनं हंबरडाच फोडला. मी पुढं झालो आणि म्हणालो, “या मंदाबाई, आत या.” तिनं मला बघितलं आणि आणखी मोठ्यानं ओरडली. रंगनाथनं हातातली पिशवी चटकन पाठीमागं लपवली.

“काय आणलंय?” मी विचारलं.

“काही न्हाई, दाजी.”

वाटेत थांबून आणलेला झेंडूचा हार होता. ताजा, टपोरा. वाया कशाला घालवायचा, म्हणून आम्ही दोघांनी मिळून तो शोभाच्या फोटोला घातला. तेव्हा मात्र रंगनाथ खरोखर रडला. बहिणीच्या वर्षश्राद्धानंतर तो पहिल्यांदाच आमच्या घरी येत होता.

मग मंदाबाईनं पदर खोचला. उरलेली तेरा बिस्किटं तिनं बारीक आचेवर नीट भाजली आणि जमलेल्यांनी अर्धी अर्धी वाटून खाल्ली. दुपारपर्यंत घरात असा गोंगाट होता, की माझ्या डाव्या कानालाही ऐकू येत होतं. नंतर जीप गेली, शेजारी गेले. मी सतरा कप विसळले. विसळताना घाई केली नाही.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. रागावेल म्हणून मी तयारीत होतो. ती एवढंच म्हणाली, “पप्पा, आंघोळीला जाताना आतून कडी नका लावत जाऊ.”

मी तिचं ऐकलं. पुढच्या रविवारी दार सताड उघडं ठेवलं, गॅस वाकून बघून बारीक केला आणि तव्यासमोर स्टूल टाकून बसलो. धूर बिलकुल झाला नाही. बिस्किटं खुसखुशीत, बदामी रंगाची, सव्वीसच्या सव्वीस झाली. कोणी म्हणजे कोणी आलं नाही.

बारा वाजेपर्यंत वाट बघितली. मग स्वतःच उठलो आणि दोन बिस्किटं पुन्हा तव्यात टाकून गॅस मोठा केला.